लाईन सोड

आमच्या घरात ‘लाईन’ हा शब्द कुणी सहज तोंडात घेत नसे. गावाच्या तोंडात मात्र तो दिवसभर असायचा. रॉकेलच्या दुकानापुढं लाईन लागायची आणि तिच्यात माणसांच्या आधी त्यांचे डबे उभे असायचे. शाळेत प्रार्थनेच्या वेळी गुरुजी ‘लाईनीत या रे माकडांनो’ म्हणून ओरडायचे. तासगावकडं द्राक्षाच्या बागेत कामाला जाणाऱ्या बाया ‘माझी लाईन सरली, तुझी किती राहिली गं’ असं एकमेकींना विचारत, तेव्हा लाईन म्हणजे वेलींची ओळ असायची. शेजारच्या पोराला फौजेत घेतलं तेव्हा ‘पोरगं लाईनीला लागलं’ म्हणून त्याच्या आईनं गल्लीभर पेढे वाटले. तोच पोरगा सुट्टीवर आला की ‘आमच्या लाईनीत चारला उठवत्यात’ म्हणून फुशारकी मारायचा, ती लाईन म्हणजे पलटणीच्या बराकी. मिरजेहून जाणारी रेल्वे ती एक लाईन, पोस्टातल्या फोनला कधी लागायची, बहुधा लागायची नाही ती दुसरी. एस.टी. स्टँडवर कॉलेजची पोरं पोरींवर मारायची ती आणखी एक, आणि तिचा सुगावा लागला की पोरांचे बाप ‘थांब, तुला लाईनीवर आणतो’ म्हणून चप्पल काढायचे. एवढासा परका शब्द, पण गावानं त्याला घरच्या बैलासारखा सगळीकडं जुंपला होता.

पुढं मी साताऱ्याला इंग्रजी शिकवायला लागले तेव्हा शब्दकोश उघडून बघितला, तर तिथंही या शब्दानं पानंच्या पानं अडवलेली. मुलांना मी वर्गात विचारायची, सांगा बघू याचे अर्थ. मुलं भूमितीतली रेघ सांगायची, कवितेची ओळ सांगायची, नाटकातल्या नटाचं वाक्य सांगायची. एखादा हुशार पोरगा मासे धरायचा दोराही सांगायचा. मी खडूनं फळा भरत जायची आणि पाठमोरी असतानाच मनात म्हणायची, आणखी कुणी काही सांगू नका. मुलांना काय कळणार. मास्तरीणबाईंचा खडू मधेच का थांबला, एवढंच ती बघत असावीत.

आमच्या घरात या शब्दाला एकच अर्थ होता. माझे वडील, आम्ही त्यांना दादा म्हणायचो, विजेच्या खात्यात वायरमन होते. लाईन म्हणजे वीज. लाईन आली, लाईन गेली, लाईनवर काम आहे, लाईन सोडली. आईच्या माहेरी आणि सासरी दोन्हीकडं पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं. दादा त्या मेंढरांतून उठून खांबावर चढले याचं साऱ्या भावकीला कौतुक होतं, आईला सोडून. तिन्हीसांजेला सापाचं नाव घेऊ नये म्हणून बाया ‘लांबडं’ म्हणतात, तशी आई विजेला नुसतं ‘ती’ म्हणायची. ‘ती आली का?’ ‘ती गेली वाटतं.’ मी एकदा तिला विचारलं, एवढं भ्यायचं काय त्यात? चुलीत काटूक सारत ती म्हणाली, “लांडगा यायचा तर कुत्री तरी भुकायची गं. ही कवा आली, कवा अंगावर पडली, कुणाला कळतं?”

म्हणून ती कान लावून बसायची. आमचं घर गावाच्या कडेला होतं, पलीकडं सगळे मळे. लाईन आली की आधी सोप्यातला पिवळा दिवा लागायचा, मग गिरणीचा टुकटुक आवाज, आणि मग मळ्यांतल्या मोटारी एकेक करून बोलायला लागायच्या. प्रत्येक मोटारीचा आवाज निराळा. कुठली मोटार कुणाची हे दादा घरात बसून सांगायचे, आणि ऐकून ऐकून मलाही येऊ लागलं होतं. आईचं ऐकणं वेगळं होतं. दिवसाउजेडी मोटारी एकदम बंद पडल्या की ती ओळखायची, दादांनी लाईन काढली, आता ते खांबावर आहेत. तव्यावरची भाकरी करपली तरी तिचं लक्ष नसायचं. पण खरी भीती तिथं नव्हती. मोटारी परत सुरू झाल्या की ती पिठाच्या हातानं उठून दारात यायची. लाईन परत आली म्हणजे एक तर दादा खाली उतरलेत, नाही तर. त्या ‘नाही तर’च्या पुढचं तिनं कधी बोलून दाखवलं नाही. वाटेवर सायकल दिसेपर्यंत ती दाराची चौकट धरून उभी राहायची. चुलीवर हुलग्याचं माडगं आटून पिठल्यासारखं व्हायचं, मग दादा आल्यावर ती त्यात पाणी घालून पुन्हा उकळी आणायची. लहानपणी ताजं माडगं मी फारसं प्यालेच नाही. दोनदा उकळलेल्या हुलग्याची ती करपट चव अजून माझ्या जिभेवर आहे.

मी आईची मुलगी. भित्री. पाठीवर भावंडं झाली ती जगली नाहीत, त्यामुळं सगळी भीती माझ्या एकटीच्या वाट्याला आली. पण दादांना वाटायचं, काम कळलं की भीती जाते. म्हणून ते मला सुट्टीत डीपीपाशी न्यायचे. डीपी म्हणजे दोन खांबांवर बसवलेला ट्रान्सफॉर्मर, त्याच्याखाली लोखंडी पेटी, पेटीत चिनीमातीचे फ्यूज. फ्यूज कसा धरायचा, कुठल्या बाजूला बोट जाऊ द्यायचं नाही, कसा एका झटक्यात काढायचा आणि घालायचा, हे त्यांनी मला शिकवलं. मला यायला लागलं, पण भीती गेली नाही. ट्रान्सफॉर्मर दिवसरात्र घूं करत असायचा आणि पेटीच्या दारावरची लाल कवटी माझ्याकडंच बघून हसते असं मला वाटायचं.

मळ्याच्या लाईनवर काम करताना दादांची एक रीत होती. तीन फ्यूज काढायचे आणि ते हातात घेऊन एक माणूस डीपीपाशी बसवायचा. फ्यूज नुसते पिशवीत घालून नेऊन भागत नसे. पाण्याची घाई झालेला कुणीतरी यायचा, फ्यूज नाहीत म्हटल्यावर तिथं तारेचा तुकडा अडकवून मोकळा व्हायचा, असं आजूबाजूच्या गावांत घडलं होतं. म्हणून राखण. दादा खांबावरून उतरणार, स्वतः चालत डीपीपाशी येणार, राखणाऱ्याच्या समोर उभे राहून ‘लाईन सोड’ म्हणणार, मगच फ्यूज परत जाणार. निरोप चालायचा नाही, लांबून केलेली खूण चालायची नाही. आज मला वाटतं, फ्यूजही त्यांनी बरोबर न्यायला हवे होते आणि राखणही बसवायला हवी होती. पण दादा म्हणायचे, हातात काही असल्याशिवाय माणसाला जबाबदारी कळत नाही.

आता मामांचं सांगायला हवं. सिदूमामा आईचा धाकटा भाऊ. आईपेक्षा बारा-तेरा वर्षांनी लहान, तिनंच काखेत वागवून वाढवलेला. मेंढरं विकून त्यांनी आमच्याच शिवारात जमीन घेतली, विहीर पाडली आणि दोन एकर द्राक्षबाग लावली. मोठ्या आवाजाचा, मोठ्या हसण्याचा माणूस. आमच्यात मामाच्या घरात भाची देतात. मामांचा मुलगा बिरा आणि मी, आमचं ठरल्यातच जमा होतं. माझी दहावीची परीक्षा झाली होती, पुढच्या उन्हाळ्यात बार उडवायचा असं मामा आणि आई बोलायचे. मला कुणी विचारलं नव्हतं आणि मीही मनाला विचारलं नव्हतं. एवढंच कळत होतं की आता मामांच्या समोर मान खाली घालून बसायचं, त्यांना उलटं बोलायचं नाही.

उन्हाळ्यात बागेची खरड छाटणी होते, काड्यांवर नवे फुटवे येतात, तेव्हा पाणी चुकलं की पुढच्या साली घड धरत नाहीत. त्या आठवड्यात वळवाच्या वाऱ्यानं बाभळीची फांदी मळ्याच्या लाईनवर पडली, तारा एकमेकींत गुंतल्या आणि चार दिवस मामांची मोटार बंद राहिली. दादांचा हेल्पर जत्रेला गेला होता, तो आल्यावर काम होणार होतं. सकाळीच मामा आमच्या दारात येऊन बसले. “दाजी, फुटवं सुकाय लागलं. आज न्हाई केलं तर बाग गेली बघा.” दादांनी खुंटीवरचा दोर काढला. मग माझ्याकडं बघून म्हणाले, “मंगल, चल.” आईनं भाकरी थापता थापता मान वर केली, पण भावाचं काम म्हटल्यावर ती तरी काय बोलणार.

डीपीपाशी दादांनी तीन फ्यूज काढून माझ्या परकराच्या ओच्यात ठेवले. “मी हितं तुझ्या फुडं येऊन म्हणीपतोर घालायचं न्हाईत,” ते म्हणाले. “माझं नाव घिऊन कुणी सांगितलं तरी न्हाई. देव आला तरी न्हाई.” मी मान हलवली. ते खांद्यावर दोर टाकून बाभळींच्या रांगेमागं दिसेनासे झाले, आणि मी दगडावर बसले. ऊन मी म्हणत होतं. ट्रान्सफॉर्मरची घूं चालूच होती, कारण फ्यूज काढले तरी वरची बाजू जिवंतच असते. ओच्यातले फ्यूज जड होते आणि घामानं ओले झाले होते. मी ते पुन्हा पुन्हा मोजत होते, एक, दोन, तीन, जणू चुकून एखादा आपणहून उडी मारून पेटीत जाऊन बसेल.

लाईनची वेळ दोनपर्यंत होती. मग ती जायची ती रात्रीच यायची. मामा आले तेव्हा दोनला अर्धा तास राहिला असेल. सायकल टाकून ते धावतच आले, पटका सुटून गळ्यात आलेला, चेहरा मात्र हसरा.

“झालं गं पोरी. दाजी उतरलं. लाईन सोड.”

मी उठून उभी राहिले. “दादा कुठं हायत?”

“खाली उतरलं, दोर गुंडाळला, म्या डोळ्यानं बघितलं. हिरीकडं पाणी प्याया गेलं असतील. सोड बिगीबिगी, अर्धा घंटा तरी पाणी घावंल.”

“दादा म्हणलं हुतं, मी आल्याबिगर...”

“आगं मी कोण परका हाय का? खोटं बोलंन व्हय तुझ्यासंगं?”

ते खोटं बोलत नव्हते. आज इतक्या वर्षांनी मी हे लिहून ठेवते की ते खोटं बोलत नव्हते. त्यांनी दादांना खांबावरून उतरताना खरंच बघितलं होतं. पुढं अजून एक खांब बाकी आहे, हे त्यांना ठाऊक नव्हतं. मी डीपीकडं पाठ करून उभी होते. ओचा दोन्ही हातांनी धरला होता. मामा हसायचे थांबले. “मंगे,” ते म्हणाले, “मामाच्या शब्दावर इस्वास न्हाई का तुझा?” आवाज चढलेला नव्हता. दुखावलेला होता. मला त्या आवाजाची भीती वाटली. दादा खांबावर असतील ही भीती लांब होती, झाडांच्या पलीकडं होती, आणि मामा समोर उभे होते. सासऱ्याला उलट बोललेली पोर म्हणून आईला काय काय ऐकावं लागेल तेही डोळ्यासमोर आलं. मामांना फ्यूजला हात लावायचं माहीत नव्हतं आणि त्यांनी लावलाही नाही. मी वळले. पेटीचं दार उघडलं. दादांनी शिकवलं होतं तसा एका झटक्यात पहिला फ्यूज घातला, मग दुसरा, मग तिसरा.

क्षणात मळ्यातल्या मोटारी बोलायला लागल्या. मामांची मोटार आधी खोकल्यासारखा आवाज करायची आणि मग लय धरायची. तिनं लय धरली. मामा माझ्या डोक्यावर हात ठेवून हसले. तो हात अजून डोक्यावर असतानाच बाभळींच्या वरून कावळ्यांचा थवा उठला, आणि पलीकडून शेरडं राखणाऱ्या बाईची किंकाळी आली, “आगं आई गं, वायरमन पडलं! लाईन बंद करा! लाईन!”

मला हलता येईना. मामांनी मला बाजूला ढकललं, कुठं धरायचं ते न बघता फ्यूज ओढून काढले आणि पळत सुटले. मोटारी एकेक करून घरंगळत थांबल्या. मी त्यांच्या मागं धावत होते. पायात काटे भरत होते ते नंतर कळलं. एवढंच डोक्यात होतं की बाभळी संपूच नयेत, पलीकडं काय आहे ते दिसूच नये.

दादा नांगरटीत उताणे पडले होते. एक वहाण पायात, एक लांब. उजव्या हाताचा तळवा काळा. एक पाय माणसाचा पाय वळत नाही तसा वळलेला. छाती हलत नव्हती. कुणीतरी ‘वाळूत पुरा, झटका उतरंल’ म्हणून ओरडत होतं. मामांनी कुणाचं ऐकलं नाही. ते दादांच्या छातीवर दोन्ही हातांनी दाबत सुटले, दाबत आणि मोठ्यानं रडत, “दाजी, आवं दाजी, उठा की वं.” किती वेळ, मला सांगता येणार नाही. मग दादांच्या घशातून घरघर आली आणि त्यांनी एक श्वास ओढला. तो ऐकून मी जमिनीवर बसले.

ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत कडब्याच्या पेंढ्यांवर घालून त्यांना सांगलीला नेलं. मी पायाशी, मामा उशाशी. अर्ध्या वाटेत मामांनी मला जवळ ओढलं आणि कानाशी म्हणाले, “ऐक. सायेब येतील, इचारतील. पोरीला डीपीवर बसवली हुती म्हणून कळलं तर दाजींची नोकरी गेली. तू तितं नव्हतीसच. डीपीवर कुणीच नव्हतं. म्या जाऊन फ्यूज घातलं. ध्यानात आलं?” मी नुसती बघत राहिले. “आलं का?” त्यांनी माझा दंड गच्च धरून विचारलं. मी मान हलवली. त्यांनी एवढंच सांगितलं होतं, आणि ते साहेबांपुरतं. हे मी पुन्हा पुन्हा लिहिणार आहे, कारण पुढचं माझं आहे.

आईला निरोप पोचायच्या आधीच कळलं होतं. घरात बसून तिनं मोटारी सुरू झालेल्या ऐकल्या आणि लगेच बंद पडलेल्या ऐकल्या. ती दवाखान्यात आली तेव्हा तिच्या हाताचं पीठ वाळून भेगाळलं होतं. दादा आत होते, डॉक्टर जगतील म्हणाले होते, पण पायाचं सांगता येत नाही म्हणाले होते. व्हरांड्यात मी भिंतीला टेकून, मामा दाराशी. आई माझ्यासमोर खाली बसली. मला डीपीवर बसवली होती हे तिला ठाऊकच होतं. तिनं माझी हनुवटी वर केली.

“फ्यूज कुणी घातलं?”

मामांनी तोंड उघडलं होतं. ते काय बोलणार होते, मला माहीत नाही. कदाचित जे झालं ते सांगणार असतील, की मीच म्हणालो आणि पोरीनं ऐकलं. ते सांगितलं असतं तर आई मामांवर चिडली असती, मलाही बोलली असती, आणि कधीतरी विसरली असती. पण तिचे डोळे माझ्यावर होते. त्या डोळ्यांत इतक्या वर्षांची सगळी भीती गोळा झाली होती, आणि ती आता कुणाच्या तरी अंगावर पडणार होती.

“मामांनी,” मी म्हटलं. “माझ्या हातातनं हिसकावून घेतलं.”

मामांनी माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. आपली वस्तू दुसऱ्याच्या घरात दिसावी तसं, जरा नवल वाटून. मग त्यांनी पटका सारखा केला.

“व्हय आक्का,” ते म्हणाले. “म्याच.”

आई उठली. तिनं भावाच्या थोबाडीत दिली असती तरी बरं झालं असतं. ती हळू आवाजात म्हणाली, “काखंत घिऊन वाढीवला तुला. माझ्या दारात परत पाय ठिवू नगंस.” मामा मान खाली घालून व्हरांड्याच्या पायऱ्या उतरले. त्यांना हाक मारावी म्हणून माझ्या गळ्यापर्यंत शब्द आला. आईचा हात माझ्या खांद्यावर पडला, आणि शब्द खाली गेला.

दादा जगले. एक पाय आखूड झाला, खांब कायमचा सुटला. त्यांना ऑफिसात टेलिफोनपाशी बसवलं. गावोगावच्या तक्रारी ऐकून घ्यायच्या, कुठं लाईन गेली, कुठं तार तुटली. मामांना चौकशीला बोलावलं, तासगावला फेऱ्या झाल्या, ‘बाहेरच्या इसमानं परवानगीशिवाय फ्यूज घातले’ असं कागदावर लागलं. त्यांनी ते सगळं निमूट सोसलं. बिराचं लग्न दुसरीकडं झालं. माझं नाव त्या घरात कुणी काढलं नाही आणि मी सांगलीला कॉलेजात गेले. शिकले, नोकरी लागली, लाईनीला लागले. खरं सांगायचं तर कॉलेजच्या पहिल्या दिवशी मला आनंद झाला होता, आणि त्या आनंदाची मला लाज वाटली होती. दादांनी या प्रकरणाबद्दल मला एकदाच विचारलं. “त्यानं हिसकावलं तवा तू वरडली का न्हाईस?” मी म्हटलं, “घाबरले.” हे खरं होतं, म्हणून तेवढं मला नीट म्हणता आलं.

दर भाऊबीजेला मामा गल्लीच्या तोंडाशी येऊन थांबत आणि कुणाच्या तरी हाती लुगडं पाठवत. आई ते घडी न मोडता परत धाडायची. काही वर्षांनी ते यायचे थांबले. माझं लग्न गावातच झालं. मंगलाष्टकांच्या वेळी नवरीच्या पाठीशी मामा उभा राहतो. माझ्या पाठीशी शेजारचे एक काका उभे राहिले. अंतरपाटाच्या कडेनं माझी नजर सहज बाहेर गेली, तर रस्त्याच्या पलीकडं एस.टी.च्या शेडखाली मामा उभे. नवा गुलाबी पटका बांधलेला. शेवटचं मंगलाष्टक झालं, सगळ्यांनी अक्षता टाकल्या, तेव्हा त्यांनीही मूठ उघडली आणि तिथूनच अक्षता टाकल्या. त्या रस्त्यावर पडल्या. मग ते वळले आणि चालायला लागले. मी त्या वेळी हार खाली ठेवून बोलले असते तर आई मांडवातून धावत गेली असती, हे मला ठाऊक होतं. मी हार घातला. सासरची माणसं होती, दादा काठी टेकून उभे होते, आई हसत होती. मी भ्याले. दादा गेले तेव्हाही मी हे त्यांना न सांगताच जाऊ दिलं. नंतर काही वर्षांनी मामा गेले. आई भावाच्या मातीला गेली नाही. त्या दिवशी ती नुसती अंगण झाडत होती, झाडलेलंच पुन्हा झाडत होती.

आता आई माझ्याजवळ साताऱ्याला असते. डोळे गेलेत, कान अजून तिखट आहेत. वीज गेली तर माझ्या आधी तिला कळतं. हल्ली लाईन जाणार असली की मोबाईलवर आधी निरोप येतो, पण तिचा त्यावर भरवसा नाही. दुपारी चहा झाला की मी लिहिलेली पानं तिला वाचून दाखवते. तिला मजा येते. माडग्यात लसूण कधी घालायचा ते मी चुकीचं लिहिलं होतं, ते तिनं दुरुस्त करून घेतलं. माझी नात दिवसभर ‘ऑनलाईन’ असते हे ऐकून ती म्हणाली, “म्हंजे हिलाबी लाईनच चिकटली म्हणायची.” या प्रकरणापाशी येऊन मात्र मी बरेच दिवस थांबले. एकदा ठरवलं की ही पानं गाळून पुढचं वाचावं, तिला काय दिसतंय. दुसऱ्यांदा ठरवलं की ती गेल्यावर लिहावं. या वयातही मी दाराआड उभी राहून तिच्या श्वासाचा कानोसा घेत होते, त्या दिवशीसारखीच भ्यालेली.

काल वाचलं. डीपीपासून व्हरांड्यापर्यंत, ‘हिसकावून घेतलं’पर्यंत, आणि तिथं न थांबता लग्नापर्यंत. आवाज दोनदा गेला, पण वाचलं. आई खाटेवर भिंतीकडं तोंड करून बसली होती. मी पानं खाली ठेवली. तिनं मला शिवी दिली नाही, रडली नाही. पंख्याचा आवाज तेवढा चालू होता. मला वाटलं, तिला झोप लागली.

“लग्नात सिदा आला हुता म्हणतीस,” ती म्हणाली.

“व्हय.”

“रस्त्याच्या पलीकडं.”

“व्हय आई.”

तिनं हातानं चाचपून माझं मनगट शोधलं आणि धरलं.

“जेवला हुता का गं त्यो?”

मला खोटं बोलता आलं असतं. तिला दिसत नाही, आणि त्या दिवशीचं सांगणारं आता दुसरं कुणी नाही.

“न्हाई,” मी म्हटलं. “तसाच गेला.”